बस्ता कोणाच्या नंबरवर

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत आमच्या नात्यात कोणाचंही लग्न ठरलं, की मुहूर्त काढायच्या आधी मला विचारलं जायचं, तू कोणत्या दिवशी मोकळी आहेस. कारण बस्ता काढायला मी पाहिजेच, असा नियम पडून गेला होता. लग्नाची सगळी कापडखरेदी एका बैठकीत व्हायची. नवरीचा शालू, विहिणीची साडी, आत्या-माम्यांच्या मानाच्या साड्या, पुरुषांचे शर्टपीस, टॉवेल-टोपी, सगळं एकदम. नाशिकच्या रविवार कारंजाजवळच्या एका जुन्या दुकानात पांढऱ्या गादीवर आम्ही दहा-बारा जणी बसायचो. शेठच्या बरोबर समोरची जागा माझी. पहिला चहा मला.

मी भाव करायला शिकले ती इगतपुरीच्या स्टेशनावर. माहेर तिथून जवळच्या खेड्यातलं. इगतपुरीला गाडीचं इंजिन बदलायचं, तेवढा वेळ गाडी थांबायची, आणि आम्ही पोरी करवंदांचे द्रोण घेऊन खिडक्यांखाली धावायचो. गिऱ्हाईक घासाघीस करणार, आपण नाही म्हणायचं, पुढच्या खिडकीकडे निघायचं, आणि त्याने हाक मारली की वळायचं. शिट्टीच्या आत सौदा पटवायचा. जरा उशीर झाला की द्रोण हातात आणि गाडी बोगद्यात. पुढे लग्न होऊन नाशिकला आले, एका शिलाई मशीनवर फॉल-पिकोचं काम सुरू केलं, इंदिरानगरात आधी भाड्याचा गाळा घेतला आणि मग स्वतःचा. कोणाचा एक पैसा लागला नाही मला. लागलं ते डोकं, आणि तोंड.

तोंडाचीच ख्याती जास्त झाली. मी तावातावाने उठायचे, चपला घालायचे, दुकानाच्या दोन पायऱ्या उतरायचे, आणि मागून शेठचा आवाज यायचा, "ताई, अहो बसा, तुमचंच दुकान आहे." मग मी परत येऊन बसले की भाव माझा. नात्यातल्या बायका ही गोष्ट वर्षभर सांगायच्या.

पण खरं कारण तोंड नव्हतं, आणि ते मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. शेठ प्रत्येक साडीच्या चिठ्ठीवर खरेदीचा भाव अक्षरांत लिहायचा. दहा अक्षरांचा त्याचा एक गुप्त मंत्र होता, प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा. सगळेच कापडवाले तसं करायचे, म्हणजे नोकराला कळतं आणि गिऱ्हाइकाला कळत नाही. आषाढात मंदी असली की शेठ जुना माल खरेदीच्याच भावात काढायचा. त्या साड्या माझ्याकडे फॉल लावायला यायच्या, चिठ्ठी तशीच लटकलेली असायची, आणि बायका किंमत आपणहून सांगायच्या. मी चिठ्ठ्या जमवत गेले. दोन आषाढ लागले. एका दुपारी मशीन थांबवून मी दहावं अक्षर बसवलं आणि एकटीच हसत बसले. त्यानंतर शेठ कितीही शपथा घेवो, त्याला साडी केवढ्याला पडली हे मला दिसत असायचं. पायऱ्या उतरायच्या की नाही, हे मी चिठ्ठी वाचून ठरवायचे.

असं सगळं सुरळीत चालू असताना माझ्या धाकट्या दिराचं लग्न झालं आणि जाऊ घरात आली.

ती शिकलेली. कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, सातपूरच्या एका कंपनीच्या ऑफिसात कामाला. बोलणं मऊ. आवाज चढलेला मी तिचा कधी ऐकला नाही, आणि याचाच मला पहिल्यापासून राग. कापडातलं तिला काही म्हणजे काही कळत नव्हतं. आर्ट सिल्क आणि खरं रेशीम समोरासमोर ठेवलं तर ती रंग बघून निवडायची. तिच्या पहिल्या संक्रांतीला मी तिला साडीचा धागा जाळून वास घ्यायला शिकवत होते, तर म्हणाली, "ताई, पण साडी जळेल ना." सगळ्या हसल्या. माझ्यावर हसल्या की तिच्यावर, ते मला कळलं नाही.

मग हळूहळू एकेक गोष्ट तिच्याकडे सरकायला लागली. सासूबाईंना मुलीकडे मनमाडला जायचं असलं की पूर्वी मी पहाटे स्टेशनावर रांगेत उभी राहायचे. आता तिने ऑफिसातल्या मशीनवरून रिझर्वेशन करून कागद आणून दिला. तासाभराच्या प्रवासाला रिझर्वेशन कशाला लागतं, असं मी म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, बसायला खिडकी मिळते. विजेचं बिल तीच भरायला लागली. लग्नाचे फोटो तिने सीडीत भरले आणि टीव्हीवर लावले, तर जो येईल तो सोफ्यावर बसून तेच बघत राही. घरात पहिला मोबाइल तिचा. तो वाजला की नाव आधी दिसायचं, मग ती ठरवायची उचलायचा की नाही. मला हे फार लागलं. मी फोन करायचे तेव्हा पलीकडे माझं नाव लुकलुकत असणार आणि ती बघत असणार. तिला वाटलं तर उचलेल. मी मात्र माझ्या गाळ्यातला काळा फोन वाजला की सुई टोचलेल्या बोटाने धावत जाऊन उचलायचे, कोण असेल ते असेल.

एका दिवाळीला ती मोरपंखी साडी नेसून आली. नरम, झुळझुळीत, काठ बारीक. सासूबाईंनी पदर हातात घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही. कुठून घेतली विचारलं तर कॉलेज रोडवर नवीन शोरूम झालंय, तिथून. भाव केलास का, मी विचारलं. "तिथे करत नाहीत ताई, छापलेलीच किंमत असते," ती म्हणाली. मी म्हटलं, मग लुटली गेलीस. पण पदर माझ्याही बोटांतून गेला होता, आणि माझी बोटं खोटं सांगत नाहीत. साडी चांगली होती.

चार दिवसांनी भर दुपारी गाळ्याचं शटर अर्धं ओढून मी रिक्षाने त्या शोरूमला गेले. ओळखीचं कोणी नाही ना हे आधी बाहेरून बघितलं. तीच साडी मी जांभळ्या रंगात काढायला लावली. चिठ्ठी उलटून बघितली तर अक्षरं नव्हतीच, नुसत्या काळ्या उभ्या रेघा. मी त्या रेघांकडे बघत राहिले. जाड, बारीक, जाड. शेठच्या अक्षरांसारखं त्यातही काहीतरी असणार, पण ते वाचायचा डोळा त्यांच्या मशीनला दिला होता, मला नव्हता. मी एक शब्द न बोलता छापील किंमत दिली. आयुष्यात पहिल्यांदा. काउंटरवरच्या मुलीने मोबाइल नंबर विचारला. माझा मोबाइल नुकताच आला होता, आणि नंबर सांगितल्याशिवाय बिल निघत नसेल असं मला वाटलं. सांगितला. नावही सांगितलं.

घरी मात्र सांगितलं की शेठकडून आणली, आणि जावेने दिले त्याच्या निम्म्याहून कमी दिले. सासूबाई तिला म्हणाल्या, "बघ, शीक जरा." जाऊ साडीकडे बघून हसली. "खरंच ताई, तुम्हाला कसं जमतं." ते ऐकून मला जे सुख झालं, ते ती साडी नेसून कधी झालं नाही.

पुढे दीड-दोन वर्षांनी माझ्या थोरल्या नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं. नणंद मनमाडला, नवरा रेल्वेत. तिला आम्ही आक्का म्हणतो. पोरगी गुणी, घरातली पहिली नात. तिच्या जन्मापासून मी म्हणत आले होते की हिचा बस्ता मी काढणार.

पण स्थळच मुळी जावेने आणलं. इंटरनेटवर. पोरीचा फोटो, उंची, शिक्षण, पगार, पत्रिका, सगळं तिने त्यावर टाकलं आणि कोण कुठली माणसं रात्रंदिवस ते बघत बसली असतील. पूर्वी पोरीची पत्रिका पाकिटात घालून देव्हाऱ्यामागे ठेवायचे. स्थळाची चौकशी करायची तर माझ्या गाळ्यात यायचे, कारण पिको होईपर्यंत बायका स्टुलावर बसून अख्ख्या नाशिकची खबर सांगतात. या वेळी मला कोणी विचारलं नाही. मुलगा पुण्याचा निघाला, चांगला निघाला. मी तीन ठिकाणी चौकशी केली, कुठेच खोट सापडली नाही.

बस्त्याचा निरोप आला तोही जावेकडून. आक्काचा तिला मोबाइलवर फोन आला होता. म्हणाली, "ताई, रविवारी शोरूमला जायचं ठरतंय. तुम्ही याल ना?"

याल ना. मला म्हणे, याल ना.

मी आले. आक्का, तिची मुलगी, जाऊ आणि मी, चौघीच. आत थंडगार, गादी नाही, काचेच्या टेबलांपुढे उंच स्टुलं. कोण कोणाच्या समोर बसलं याला काही अर्थच नव्हता. नवरी मुलगी मोबाइलमध्ये डोकं घालून होणाऱ्या नवऱ्याला रंग विचारत होती. जाऊ साड्यांचे फोटो काढून विहीणबाईंच्या धाकट्या मुलाला पाठवत होती. पुण्याहून उत्तर यायचं, ही नको, ती चालेल. तीन तासांत अर्धा बस्ता पुण्यानेच निवडला. मी कापड बोटांत धरून सांगायला लागले की याचा रंग जाईल, तर जाऊ म्हणाली, नाही गेला तर बरंच, गेलाच तर बदलून देतात.

शालूपाशी मला राहवलं नाही. साड्या दाखवणाऱ्या पोराला म्हटलं, किती कमी करशील. तो म्हणाला, फिक्स रेट आहे मॅडम. मी म्हटलं, एवढा मोठा बस्ता काढतोय, काही मान ठेवशील की नाही. तो हसला. चांगलं हसला, उर्मटपणे नाही. तेच मला झोंबलं. मी ताडकन उठले. आक्काला म्हटलं, उठ गं, इथे माणसाची किंमत नाही, आपण शेठकडे जाऊ. आणि चालू पडले.

काचेचं दार आपोआप उघडलं. पायऱ्या उतरले. फुटपाथवर आले. मागे वळून बघायचं नसतं, तसं मी बघितलं नाही. पार्किंगवाला शिट्टी वाजवून स्कूटी सरळ लावत होता. मी उभी राहिले. ऊन होतं. बरीच मिनिटं गेली. पार्किंगवाल्याने विचारलं, "गाडी काढायचीये का मावशी?" नाही म्हटलं. मग वळून बघितलं तर काचेतून आत आक्का शालू खांद्यावर टाकून आरशासमोर उभी होती आणि जाऊ तिचा पदर नीट करत होती. मी गेल्याचं त्यांना कळलं तरी होतं की नाही, देव जाणे.

मी परत आत गेले. दार पुन्हा आपोआप उघडलं.

सगळी निवड झाली आणि आम्ही काउंटरपाशी आलो. तिथल्या मुलीने विचारलं, "बस्ता कोणाच्या नंबरवर टाकू? पॉइंट्स मिळतील." जावेने पर्समधून मोबाइल काढायला हात घातला. आणि माझ्या डोक्यात एकच आलं, की निदान हा कागद तरी माझ्या नावाने निघू दे. घरातल्या पहिल्या नातीचा बस्ता कोणाच्या नावावर, तर थोरल्या मामीच्या. मी तिच्या आधी, मोठ्याने, माझा नंबर सांगितला.

मुलीने बोटं चालवली, स्क्रीन बघितला आणि तिचा चेहरा उजळला. ओळखीचं गिऱ्हाईक निघालं की उजळतो तसा.

"मॅडम, तुम्ही आपल्या जुन्या कस्टमर आहात. मागे एक सॉफ्ट सिल्क नेली होती ना, जांभळी? त्याचे पॉइंट्स पण आहेत तुमचे." आणि तिने स्क्रीन आमच्याकडे वळवला. साडी, रंग, किंमत. माझं नाव, वडिलांनी ठेवलं नसेल इतक्या ठळक अक्षरांत.

आक्काने ती जांभळी साडी बघितली होती. किती वेळा तिची गोष्ट मीच तिला सांगितली होती.

माझ्या तोंडून काही निघायच्या आत जाऊ बोलली. "ती मीच नेली होती आक्का, भेट द्यायला. तेव्हा माझा फोन बंद होता, म्हणून ताईंचा नंबर दिला."

इतकं पटकन, इतकं सहज. एवढं खोटं कोणी जागच्या जागी रचत नाही. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या दिवाळीत ती साडीकडे बघून हसली तेव्हाच माहीत होतं, आणि दीड-दोन वर्षं तिने ते पोटात ठेवलं होतं. मी शेठची अक्षरं वाचायचे, आणि ही मला वाचत होती. तिने चारचौघांत मला उघडं पाडलं असतं तर मी तिच्याशी कडाकडा भांडले असते आणि मोकळी झाले असते. पण तिने झाकलं. ते मला सहन झालं नाही.

"खोटं कशाला बोलतेस," मी म्हटलं. "मीच नेली होती. छापील किमतीत. काहीही कमी न करता."

नवरी मुलीनेही मोबाइलमधून मान वर केली. आक्का माझ्याकडे बघत राहिली. तिला राग आला नव्हता, तिला खरंच प्रश्न पडला होता.

"मग आम्हाला इतकी वर्षं उन्हात कशाला गं फिरवलंस?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. त्या उन्हात तुम्ही सगळ्या माझ्या मागून चालायचात, म्हणून. पण ते बोलता येण्यासारखं नव्हतं. मी काउंटरवरच्या मुलीवर ओरडले, की आधी माझं नाव त्यातून काढून टाक. ती घाबरली. "निघत नाही मॅडम. सिस्टीममध्ये राहतं ते." मी म्हटलं, माझं नाव आहे आणि मी सांगतेय तरी निघत नाही? ती जावेकडे बघायला लागली, जशी आता सगळी दुनियाच बघते.

"हिच्या नंबरवर टाक," आक्का जावेकडे बोट दाखवून म्हणाली. जाऊ म्हणाली, नको, ताईंच्याच टाका. मी म्हटलं, मला नको. मुलीने जावेचा नंबर घेतला.

सामान कागदी पिशव्यांत भरून आलं. आठ पिशव्या, दोऱ्यांच्या मुठी. आक्का त्यांच्याकडे बघून जरा घुटमळली. आमच्यात बस्ता दुकानातून निघताना त्याला हळद-कुंकू लावतात. शेठच्या दुकानात गठ्ठा बांधला की तो स्वतः करंडा पुढे करायचा. इथे कुठला करंडा. आक्का म्हणाली, "कुंकू राहिलं गं. कोणाकडे आहे का?"

माझ्या पर्समध्ये होतं. बस्त्याला निघताना मी छोटा पितळी करंडा कायम बरोबर घेते, त्या दिवशीही सकाळी आठवणीने भरून घेतला होता. माझा हात पर्सच्या चेनवर होता. मी चेन उघडली नाही. मी काचेतून बाहेर रस्त्याकडे बघत राहिले.

आक्काने दोनदा विचारलं. मग जावेने कपाळावरची टिकली काढली, लालच होती, आणि सगळ्यात वरच्या पिशवीवर, जिच्यात शालू होता, चिकटवली. आक्काचे डोळे भरून आले. "हिला बाई सुचतं," ती म्हणाली, आणि पोरीला पिशवीला नमस्कार करायला लावला.

रिक्षात आम्ही चौघी पिशव्यांसकट कोंबून बसलो. सवाष्णीने कपाळ मोकळं ठेवू नये, असं तीच आक्का आम्हाला एरवी बजावायची. जावेचं कपाळ मोकळं होतं आणि आक्काला त्याचं काही वाटत नव्हतं. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा जाऊ माझ्याकडे झुकली आणि हळूच म्हणाली, "ताई, तुमच्याकडे जास्तीची टिकली आहे का हो? नसली तर कुंकू चालेल."

तिने पर्सकडे बघितलं नाही. माझ्याकडेच बघितलं. तिला माहीत होतं की नव्हतं, हे मी आजवर शंभरदा उलटसुलट करून बघितलंय.

"नाही," मी म्हटलं.

"असू दे," ती म्हणाली, आणि पदर डोक्यावरून जरा पुढे ओढून बसली.